उतारावर विझू नये असा दिवा: चार एलईडींच्या घरगुती ट्रेल लाइटचं परीक्षण

डोंगरवाटांवर रात्री सायकल चालवण्यासाठीचा हा दिवा कुठल्याही दुकानात अख्खा मिळत नाही. चार एलईडी, त्यांना ठरलेला प्रवाह पुरवणारे दोन ड्रायव्हर, १८६५० मापाचे (१८ मिलिमीटर जाड, ६५ लांब) तीन लिथियम सेल, चौकोनी ॲल्युमिनियम नळीचा सात सेंटिमीटरचा तुकडा आणि अंगठ्याजवळची दोन बटणं, एवढ्यातून तो जोडायचा. म्हणून हे परीक्षण एका वस्तूचं नसून तिच्या सुट्या भागांचं आहे. कशावर पैसे मोजावेत, कुठे हात आखडता घ्यावा आणि जोडताना घात कुठे होतो, ते इथे सांगितलंय.

किती उजेड पडतो, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा की काही तुटलं, निसटलं, तापलं तर दिवा विझतो की पेटलेला राहतो? डांबरी रस्त्यावर दिवा गेला तर ब्रेक दाबून उभं राहता येतं. घसाऱ्याच्या उतारावर ताशी २५ किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला सात मीटर पुढे जाते, आणि पुढचा चाक-भर खड्डा शेवटच्या सेकंदाला दिसून उपयोग नसतो. तिथे अचानक अंधार झाला तर हाडांवर बेतते. पुढे प्रत्येक भागाला याच कसोटीवर घासलंय.

आधी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त दिव्यांबद्दल, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. खोक्यावर ‘टी६’ आणि ‘५००० लुमेन’ असं छापलेलं असतं. लुमेन म्हणजे उजेडाचं माप. टी६ नावाचा एलईडीच नाही. क्री कंपनीच्या एक्सएम-एल या एलईडीची ती उजेडाची प्रत आहे: ७०० मिलिअँपिअरवर किमान २८० लुमेन. तोच एलईडी त्याच्या कमाल ३ अँपिअरवर चालवला तरी मजल हजार लुमेनच्या आसपासच जाते. त्यामुळे तीन एलईडींच्या दिव्यावर पाच हजारांचा आकडा दिसला की तो बेरीज-गुणाकारातच पडतो. शिवाय आत बसवलेला एलईडी बऱ्याचदा क्रीचा नसून तसा दिसणारा दुसराच असतो. असा दिवा फेकून देऊ नका. त्याची काच, क्लॅम्प आणि रबरी पट्टे कामाला येतात. त्याच्यासोबत आलेल्या बॅटरी पॅकला मात्र हात लावू नये.

एलईडी: जास्त घ्या, कमी जाळा

हौशी मंडळी सहसा एक-दोन एलईडी घेऊन त्यांतून ३ अँपिअर ढकलतात. हा मार्ग आम्हाला पटत नाही. क्रीच्याच एक्सएम-एल२ ची यू२ प्रत १ अँपिअरवर साधारण ४०० लुमेन देते आणि सुमारे ३ वॅट खाते, म्हणजे वॅटमागे १३५ लुमेन. त्याच एलईडीला ३ अँपिअर दिले की वॅटमागचा उजेड शंभराच्याही खाली येतो आणि उरलेली वीज उष्णता होऊन बसते. चार एलईडी १ अँपिअरवर चालवले तर जवळपास तोच उजेड साधारण पाऊणपट विजेत मिळतो आणि दिवा हाताला सोसवेल इतकाच गरम राहतो. एलईडी हा या दिव्यातला तसा स्वस्त भाग, तेव्हा काटकसर इथे करायची नाही.

चारांपैकी दोन एक्सएम-एल२ घ्यावेत, पसरट उजेडासाठी. लांबच्या झोतासाठी दोन एक्सपी-जी२. कारण सरळ आहे: एक्सपी-जी२ चा उजळणारा भाग लहान असतो, त्यामुळे त्याच २० मिलिमीटरच्या लेन्समधून झोत जास्त आवळून निघतो. एक्सएम-एल२ वर १० अंशांची लेन्स लावली तरी झोत दहा अंशांचा पडत नाही, बराच फाकतो. नवा म्हणून एक्सपी-जी३ घ्यायचा मोह होईल. तो वॅटमागे जास्त उजेड देतो, पण लेन्समधून त्याच्या झोताच्या कडा पिवळट-हिरवट दिसतात. वाटेवरचं वाळलेलं गवत आणि ओली माती त्या कडेत एकसारखी दिसू लागते.

तांब्याच्या चकत्यांबद्दल एक गोष्ट रूढ मताविरुद्ध. एलईडी ज्या गोल चकतीवर बसलेला येतो तिला सगळे ‘स्टार’ म्हणतात. तांब्याच्या, थेट उष्णता वाहून नेणाऱ्या स्टारचं कौतुक सर्वत्र होतं. ३ अँपिअरवर ते रास्तच आहे, कारण साध्या ॲल्युमिनियमच्या चकतीत एलईडी आणि धातू यांच्यामध्ये इन्सुलेशनचा थर असतो आणि दहा वॅट त्यातून नीट उतरत नाहीत. पण १ अँपिअरवर एका एलईडीतून जेमतेम दोन वॅट उष्णता निघते. तिथे तांबं ही चैन आहे. साधी २० मिलिमीटरची ॲल्युमिनियम चकती पुरते, आणि ती पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर शोधणं सोपं जातं. वाचलेले पैसे सेलमध्ये घाला.

रंग निवडताना ‘कूल व्हाइट’ टाळा. ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी कागदावर जास्त लुमेन देतो, पण जांभ्याची तांबडी माती आणि तपकिरी खडक त्यात फिकट, सपाट होतात. ४००० ते ५००० केल्विनमध्ये दगडाची कड आणि तिची सावली वेगळी कळते. थोडे लुमेन गेले तरी हा सौदा फायद्याचा.

ड्रायव्हर: या दिव्याचा जीव

मीन वेल कंपनीचा एलडीडी-१०००एल, दोन नग. काळ्या प्लास्टिकात बंद केलेला हा ठोकळा ३१.८ बाय २०.३ बाय १२.२ मिलिमीटरचा. आत ३६ व्होल्टपर्यंत द्या, बाहेर ठरलेला १ अँपिअर मिळतो. तो व्होल्टेज खाली उतरवणारा आहे, म्हणून इनपुट आउटपुटपेक्षा साधारण ३ व्होल्ट तरी जास्त हवा. दोन एलईडी ओळीने जोडले की जवळपास ६ व्होल्ट होतात. त्यात ३ मिळवा, ९ झाले. तीन सेल ओळीने जोडलेला पॅक भरलेला असताना १२.६ व्होल्ट देतो आणि संपत आला की ९ च्या आसपास येतो. म्हणजे जवळजवळ शेवटपर्यंत उजेड तसूभर कमी होत नाही. दोन सेलच्या पॅकवर हे गणित बसत नाही. तिथे भरलेल्या पॅकचे ८.४ व्होल्टही कमी पडतात, दिवा पहिल्यापासून मंदावतो, आणि लोक दोष एलईडीला देतात.

लांब झोताची जोडी एक्सपी-जी२ ची असल्याने तिचं व्होल्टेज किंचित जास्त, ६.२ च्या आसपास. त्यामुळे पॅक अगदी तळाला गेला की आधी लांबचा झोत ओसरू लागतो. याला खोट म्हणू नका, तो आयता इशारा आहे.

आता या ड्रायव्हरची सर्वांत मोलाची गोष्ट. त्यावर इनपुट आणि आउटपुटच्या तारांखेरीज एक ‘डिम’ नावाची पिन असते. ती मोकळी सोडली तर दिवा पेटतो. इनपुटच्या ऋण टोकाला टेकवली तर विझतो. उलटं वाटतं, पण कसोटीला हेच उतरतं. हँडलबारवरचं बटण दिव्याचा मुख्य प्रवाह तोडत नाही; ते फक्त डिम पिनला ऋण टोकाशी जोडतं किंवा सोडतं. करवंदीच्या जाळीत बटणाची बारीक तार अडकून तुटली तर काय होईल? पिन मोकळी होईल आणि दिवा पेटलेला राहील. मुख्य प्रवाहातच स्विच घातला असता तर तीच तार तुटल्यावर मिट्ट काळोख. शिवाय बटणातून प्रवाह नावालाच जातो, त्यामुळे दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू, अशा जातीचं छोटं जलरोधक बटण पुरतं आणि त्याचे संपर्क जळत नाहीत.

दोन ड्रायव्हर घेण्यामागेही हाच हिशेब. एक पसरट जोडीला, एक लांब जोडीला. एक गेला तरी दुसरा चालतो. चढावर फक्त पसरट ठेवायचा, उतारावर दोन्ही. मायक्रोकंट्रोलर नाही, मोड नाहीत, आणि खड्ड्यात हिसका बसला की आपोआप ‘लुकलुक’ मोडवर जाणं नाही.

ड्रायव्हरच्या बाबतीत चुका तीनच होतात, पण त्याच त्याच होतात. पहिली: इनपुटचं ऋण आणि आउटपुटचं ऋण एकच समजून दोन्ही एकत्र बांधणं, किंवा दोन्ही दिव्याच्या धातूच्या अंगाला टेकवणं. या ड्रायव्हरमध्ये ही दोन टोकं वेगळी आहेत. ती जोडली की प्रवाहावरचं नियंत्रण सुटतं. त्यामुळे प्रत्येक एलईडी जोडीच्या दोन्ही तारा थेट आपापल्या ड्रायव्हरकडे न्याव्यात आणि मल्टीमीटरने अंगाशी कुठलीही तार जुळलेली नाही याची खात्री करावी. दुसरी: ड्रायव्हर चालू करून मग एलईडीची तार टेकवून पाहणं. मोकळ्या आउटपुटवर पॅकचं पूर्ण व्होल्टेज चढलेलं असतं, ते क्षणात एलईडीतून जातं आणि एलईडी जातो. आधी एलईडी, मग वीज. तिसरी चूक उजेड कमी-जास्त करू पाहणाऱ्यांची. डिम पिनला सरळ पोटेन्शिओमीटर लावून भागत नाही. तिला १०० ते १००० हर्ट्झची चालू-बंद लहर लागते. ५५५ टायमरवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ५० किलोओहमचा पॉट, १ किलोओहमचा रोध आणि दोन १एन४१४८ डायोड लावले की साधारण २८० हर्ट्झ मिळतात. पण ५५५ ला पॅकचे १२ व्होल्ट थेट देऊ नका, नाहीतर डिम पिनवर तेवढेच व्होल्ट जातील आणि ती पाचाच्या हिशेबाची आहे. मध्ये ७८एल०५, म्हणजे ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर, घाला. खरं सांगायचं तर दोन बटणं असताना या खटाटोपाची गरज पडत नाही.

तारा जोडलेलं आलेलं रूप, एलडीडी-१०००एलडब्ल्यू, मिळत असेल तर तेच घ्यावं. पिनवर केलेलं सोल्डरिंग खडखडाटाने तडकतं, विशेषतः तार आधाराविना लोंबत असेल तर. पिनवालाच मिळाला तर त्याला छोट्या झीरो पीसीबीवर बसवा आणि तारांना न्यूट्रल सिलिकॉनचा थेंब लावून जखडून टाका.

पॅक: पैसे इथे मोजा

तीन अस्सल सेल: सॅमसंग ३०क्यू, ३००० मिलिअँपिअर-तास, किंवा ३५ई, ३५०० चे. दिव्याला भर उजेडात पॅककडून दीड अँपिअरही लागत नाही, त्यामुळे ३५ई ची ८ अँपिअरची मर्यादा भरपूर झाली. ३०क्यू च्या पॅकमध्ये सुमारे ३२ वॅट-तास वीज मावते. चारही एलईडी पेटलेले असताना दिवा सुमारे १३ वॅट घेतो. कागदावर अडीच तास. पॅक पूर्ण पिळून न काढता सव्वादोन धरावेत. फक्त पसरट जोडीवर साडेचार तास. थंडीत पहाटेच्या राइडला यातूनही थोडं वजा करा.

नकली सेल ओळखायला प्रयोगशाळा नको. १८६५० मापात ९९०० मिलिअँपिअर-तास असं छापलेलं असेल तर तो नकली, विषय संपला. या मापातले चांगले सेल साडेतीन हजारांच्या आसपासच थांबतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा: अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. तीस-पस्तीस ग्रॅमचा निघाला तर आत काय आहे ते न बघितलेलं बरं. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल नव्या वेष्टनात विकले जातात, त्यांच्या टोकांवर जुन्या वेल्डचे टिपके घासलेले दिसतात.

सेलवर थेट सोल्डरिंग करू नका. स्पॉट वेल्डिंग करून देणाऱ्याकडे तिन्ही सेल घेऊन जा आणि पट्टी शुद्ध निकेलची हवी असं सांगा. पट्टी चुंबकाला चिकटली म्हणून ती लोखंडी ठरत नाही, निकेलही चिकटतं. एक तुकडा कानशीने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर ते निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद. कोकणातल्या दमट हवेत अशी पट्टी घासल्या जागी आतून गंजते. पट्टी लावण्याआधी प्रत्येक सेलच्या धन टोकावर कागदी इन्सुलेशनची जादा चकती बसवलीच पाहिजे. धन टोकाच्या कडेलाच सेलचं ऋण अंग येतं, मध्ये फक्त पातळ वेष्टन. वर्षभर हादरे खाल्लेल्या पट्टीने ते कापलं तर पॅक पेट घेऊ शकतो. या परीक्षणात जीवाशी गाठ असलेली जागा ही एकच.

तीन सेलचा बीएमएस, म्हणजे सेलची राखण करणारी पाटी, लावा. स्वस्त लाल पाट्यांमध्ये सेल समतोल करण्याची सोय नसते. समतोलवाली पाटी थोडी महाग पडते पण तीच घ्या. मात्र बीएमएस वीज तोडतो तेव्हा काही न सांगता तोडतो, तेही अगदी तळाला, सेलमागे अडीच ते तीन व्होल्टवर. म्हणजे उतारावर अंधार. म्हणून त्याला फक्त शेवटचा पहारेकरी समजा. शंभरेक रुपयांत मिळतात तसा छोटा व्होल्टमीटर पॅकला लावा आणि ९.६ व्होल्ट दिसले की घरची वाट धरा.

चार्जर १२.६ व्होल्टचा, लिथियमसाठीचा, १ किंवा २ अँपिअरचा. घरात पडलेला राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर लावण्याची युक्ती सर्रास चालते, पण त्यात प्रवाहावर लिथियम चार्जिंगसाठी लागणारं नियंत्रण नसतं. पॅकच्या धन तारेवर ३ अँपिअरचा फ्यूज घाला, सेलपासून बोटभर अंतरावर. पॅक टॉप ट्यूबखाली मऊ पिशवीत लटकवू नका, कडक प्लास्टिकच्या डबीत ठेवा. पडल्यावर दगडाचं टोक पिशवीतून सेलपर्यंत पोहोचतं.

अंग आणि उष्णता

५० बाय ५० मिलिमीटरची, २ मिलिमीटर जाडीची चौकोनी ॲल्युमिनियम नळी. सरकत्या खिडक्या आणि पार्टिशन करणाऱ्या फॅब्रिकेटरकडे उरलेले तुकडे मिळतात. लांबी ७० मिलिमीटर. आत ४६ मिलिमीटरची जागा उरते. तिथे ६ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची ४६ बाय ४६ ची पट्टी बसवायची आणि तिच्यावर दोन-दोनच्या दोन ओळींत चार स्टार.

सगळं गणित या पट्टीच्या कडांवर आहे. पट्टी सैल बसली तर तिच्या आणि नळीच्या मध्ये हवेची फट राहते, आणि एलईडींची आठेक वॅट उष्णता पट्टीतच कोंडते. बाहेरून दिवा थंड लागतो आणि आत एलईडी भाजतात. हा सर्वांत फसवा बिघाड. पट्टी किंचित मोठी कापा आणि कानशीने कडा घासत घासत न्या, लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने आत सरकेल इतपत. नळीच्या चारही बाजूंनी पट्टीच्या कडेत २.५ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडून एम३ चे आटे पाडा. आटे पाडताना रॉकेलचा थेंब सोडा, ॲल्युमिनियम टॅपला चिकटतं. मग कडांना थर्मल पेस्ट लावून पट्टी बसवा आणि स्क्रू आवळा, म्हणजे नळीची भिंत पट्टीवर ओढली जाईल. पेस्ट पातळ लावा. भरपूर पेस्ट म्हणजे भरपूर गारवा, हा गैरसमज आहे. पेस्टचं काम फटी भरण्याचं.

चारही स्टार स्क्रूने धरा, निव्वळ चिकटवू नका. प्लास्टिकचे वॉशर वापरा, नाहीतर स्क्रूचं डोकं सोल्डरच्या ठिपक्याला टेकतं.

नळीचं बाहेरचं क्षेत्रफळ १४० चौरस सेंटिमीटर होतं. चालत्या सायकलीवर वाऱ्याने ते पुरतं. थांबल्यावर पुरत नाही. चहाच्या टपरीवर चारही एलईडी पेटते ठेवून गप्पा मारणं या दिव्याला मानवणार नाही, लांबची जोडी विझवा. ज्यांची राइड अगदी हळू, चढाची असते त्यांनी दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम चॅनेलचे तुकडे स्क्रूने लावून पंखे वाढवावेत.

तपासणी घरी होते. पंख्याच्या वाऱ्यात दिवा पूर्ण पेटवा आणि थर्मोकपलवाल्या मल्टीमीटरने पट्टीचं तापमान दहा मिनिटं बघत राहा. ६० अंशांच्या आत थांबलं तर काम फत्ते. मापक नसेल तर अंगावर बोट ठेवा: पाच सेकंद धरवलं तर साधारण पन्नास अंश. पण पट्टी तापलेली आणि नळी थंड असेल तर आनंद मानू नका. कडा पुन्हा घासा.

लेन्स, काच आणि धुकं

लांब जोडीला १० किंवा १५ अंशांची लेन्स, पसरट जोडीला ४५ ची. ६० अंशांची घेतली तर निम्मा उजेड झाडांच्या शेंड्यांवर जातो. पाचशे रुपयांच्या लेन्सपेक्षा पन्नास रुपयांची लेन्स वाईटच असेल असं नाही, पण तिचा होल्डर एलईडीच्या मापाचा आहे का ते बघा. एक्सएम-एल२ चं अंग ५ मिलिमीटर चौरस आहे, एक्सपी-जी२ चं ३.४५. चुकीच्या होल्डरमध्ये एलईडी मध्यावर बसत नाही आणि झोताच्या मधोमध काळपट वळं दिसतं.

लेन्स आणि काचेतून पाचवा हिस्सा उजेड गळतो. आतून चौदा-साडेचौदाशे लुमेन निघतात, बाहेर साडेअकराशेच्या आसपास पडतात. तेवढे ट्रेलला खूप झाले.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या माथ्यावर ढगच वाटेवर उतरतो. तेव्हा जास्त लुमेन म्हणजे डोळ्यांसमोर जास्त पांढरी भिंत. दिवा डोळ्यांपासून जितका खाली, तितकं धुकं कमी चमकतं. म्हणून हा दिवा हँडलबारचाच आहे. हेल्मेटवर लावायला तो जडही आहे आणि हेल्मेटवरून पडणारा उजेड नजरेच्याच रेषेत असल्याने दगडांच्या सावल्या दिसत नाहीत, सगळं सपाट वाटतं. वळणापलीकडे बघायला हेल्मेटवर दुसरा छोटा, एका सेलचा दिवा असावा. धुक्यात तो बंद.

काच म्हणून २ मिलिमीटरची पॉलिकार्बोनेट शीट घ्या. ॲक्रिलिक जास्त स्वच्छ दिसतं पण पडल्यावर तडकतं. चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉनच. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन तांब्याच्या तारा आणि सोल्डर खातं. फेव्हिक्विकसारखा सायनोॲक्रिलेट गोंद तर दिव्याच्या आत अजिबात नको. त्याच्या वाफेने लेन्सवर पांढरी साय चढते आणि ती पुसून जात नाही. सिलिकॉन पूर्ण सुकायला चोवीस तास द्या, त्याआधी दिवा पेटवू नका. जुलैत दमट खोलीत दिव्याचं झाकण बंद केलं की पहिल्याच गार रात्री काचेवर आतून दव धरतं. बंद करण्याआधी दिवा उघडाच, फक्त पसरट जोडीवर, अर्धा तास पेटवा, सिलिका जेलची पुडी आत टाका आणि मग मागचं झाकण लावा. तारेसाठी पीजी७ ग्रंथी, म्हणजे तार घट्ट धरून पाणी अडवणारी केबल ग्लँड, तीही दिव्याच्या खालच्या बाजूला. मागच्या बाजूला लावली तर तारेवरून ओघळलेलं पाणी थेट तिच्या तोंडाशी साचतं.

सांधे

दिवा उतारावर विझतो तो बहुतेक वेळा कनेक्टरमुळे. ५.५ मिलिमीटरची गोल डीसी पिन, जी सगळ्या ॲडॅप्टरवर असते, ती या कामाला नालायक आहे. तिचा पत्रा ढिला पडतो, खडकावर हादरा बसला की क्षणभर सुटते आणि दिवा लुकलुकतो. एक्सटी३० जातीचा कनेक्टर वापरा, हाताने जोर लावल्याशिवाय सुटत नाही. पॅकच्या बाजूला मादी, दिव्याच्या बाजूला नर, म्हणजे सुटलेल्या पॅकचे संपर्क उघडे पडत नाहीत. तार २० गेजची सिलिकॉनची, मऊ. पीव्हीसीची कडक तार हँडल वळवून वळवून ग्रंथीच्या तोंडाशी मोडते. तिथे तारेला बोटभर ढील ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. क्लॅम्प घेण्याआधी हँडलबार मोजा: नव्या माउंटन बाइकचा मध्यभाग ३१.८ किंवा ३५ मिलिमीटरचा, जुन्यांचा २५.४.

उरली उणी बाजू. झोताला वरून कापलेली कड नाही, त्यामुळे डांबरी रस्त्यावर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. रस्ता लागला की लांबची जोडी विझवून दिवा खाली झुकवायचा. दिवा आणि पॅक मिळून स्वस्त टॉर्चपेक्षा जड होतात. पॅक, फ्यूज आणि कनेक्टर मात्र एकेकच आहेत, तिथे हा दिवाही अंधारातच नेतो. म्हणून खिशात एक छोटी टॉर्च असू द्या. आणि ज्याला कानस, टॅप, सोल्डरिंग यांची सवय नाही त्याने हा उद्योग करू नये, चांगल्या कंपनीचा बंद दिवा घ्यावा. सवय असेल त्याला दोन रविवार लागतील, पहिला जवळपास सगळा पट्टीच्या कडा घासण्यात जाईल.

राइड नसलेल्या महिन्यांत पॅक भरून ठेवू नका. ११ व्होल्टच्या आसपास उतरवून, एक्सटी३० सुटा करून, गार कपाटात. विमानाने न्यायचा तर तो केबिन बॅगेतच, टोकांवर टेप लावून.